सातवी फुंक

हॉस्पिटलात तिला सगळे फुंकबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल, पण ते शेवटचं कुणी मोठ्यानं वाचलं तेव्हा बाईच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. आणि या नावात तरी खोटं काय होतं? एकतीस वर्षं बाईनं दुसरं केलं काय? लोकांना फुंकायला लावलं.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या शेजारी तिची खोली. खिडकी नाही. टेबलावर यंत्र, यंत्राला नळी, नळीला पुठ्ठ्याचं तोंड, समोर पडदा. सकाळी साडेआठला आली की आधी तीन लिटरची मोठी पिचकारी यंत्राला जोडून दांडा दाबायची. पडद्यावर तीन लिटर आलं तर ठीक. नाही आलं तर यंत्राशी भांडायची, "सकाळी सकाळी खोटं बोलतंस मेल्या? आजारी माणसं येणार आहेत तुझ्याकडे, लाज वाटू दे." यंत्र सरळ झालं की मग पहिला पेशंट आत. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, छाती भरून श्वास, आणि लगेच बाईचा आवाज सुरू, "सोड! जोरात! फुंक, फुंक, फुंक, थांबायचं नाही, अजून आहे आत, काढ, काढ, काढ... शाब्बास!" बंद दारातून तो आवाज जिन्यापर्यंत जायचा. नव्या माणसाला वाटायचं, आत बाळंतपण चाललंय.

काम दिसायला सोपं. माणसानं पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकली ते यंत्र मोजतं, आणि त्याच्या वयाच्या, त्याच्या उंचीच्या धडधाकट माणसाशी ताडून टक्के सांगतं. पण माणूस जीव लावून फुंकेल तेव्हाच आकडा खरा. लोक भितात, लाजतात, अर्ध्यात सोडतात. "आडात नाही ते पोहऱ्यात यायचं नाही, हे मलाही कळतं," बाई म्हणायची. "पण आडात असून पोहरा अर्धाच वर येतो, त्याचं काय? त्याच्यासाठी मी आहे." आणि खरंच होती. दुसऱ्या कुणी मोजलं तर साठ यायचे, बाईनं मोजलं तर त्रेसष्ट. मोठे डॉक्टर तिच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. घरी नवऱ्यानं चहावर फुंकर घातली तरी ही म्हणायची, "अर्धवट सोडलीत." नवरा चाव्या बनवणारा, बोलायला कमी. तो पुन्हा फुंकर घालायचा.

या बाईच्या आयुष्यात खारू आली ती सहा वर्षांची असताना.

खारू हे घरचं लाडाचं नाव. बाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं, म्हणून आई तिला खारू म्हणायला लागली. घरात सगळे हसायचे. मग बाळ सारखं खोकायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याच खारट घामाची तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं: सिस्टिक फायब्रोसिस. जन्माचा आजार. त्यानंतर ते लाडाचं नाव बदलावं असं आईच्या मनात आलं होतं, पण तोवर पोरगी त्याच नावाला ओ द्यायला लागली होती.

या आजारात छातीतला कफ पातळ राहत नाही. डिंकासारखा चिकट होतो, फुप्फुसात अडकून बसतो, आणि त्यात जंतू घर करतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ आईनं तळहाताची वाटी करून खारूची पाठ आणि कुशी थोपटायच्या, कफ सुटा करून बाहेर काढायचा. मास्क लावून औषधाची वाफ घ्यायची. दर जेवणाला गोळ्या. इतकं करूनही वर्षातून दोन-तीनदा आजार उसळायचाच. खोकला वाढायचा, कफाचा रंग बदलायचा, भूक मरायची आणि आकडा पडायचा. मग चौदा दिवस हॉस्पिटलात, शिरेतून औषध. बहुतेक वेळा आकडा पुन्हा वर यायचा. पण दर वेळी येईलच असं नाही, आणि आला तरी पुरता येईल असं नाही. फुप्फुसाचा जो तुकडा एकदा गेला तो गेला. मोठ्या डॉक्टरांनी म्हणून खारूसाठी एक नेम घालून दिला होता. तिचा नेहमीचा आकडा चौसष्ट. तो अठ्ठावन्नच्या खाली आला की घरी जायचं नाही, तिथूनच वॉर्डात.

आणखी एक नेम होता. या आजाराच्या दोन पेशंटांना एका खोलीत बसवायचं नाही, कारण एकाचे जंतू दुसऱ्याला लागले तर आगीतून फुफाट्यात. त्यामुळे खारू कधी सगळ्यांबरोबर बसली नाही. ती आली की तडक फुंकबाईच्या खोलीत. आई सुरुवातीला आत बसायची. पंधराव्या वर्षी खारूनं तिला बाहेर काढलं. "आई, तू माझ्याकडे बघत असलीस ना, की मला फुंकताच येत नाही." तेव्हापासून दाराबाहेर एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर खारूची आई. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या यंत्रावर बसणारी बाई, अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायची आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायची.

आत मात्र हसणं-खिदळणं. खारू फुंकबाईला मावशी म्हणायची आणि नकला करायची. बाईच्याच आवाजात बाईला ओरडायची, "काढ, काढ, काढ!" बाईला स्वतःचा मुलगा होता, लांबच्या शहरात, महिन्यातून एकदा फोन करणारा. खारू दर दोन महिन्यांनी यायची. आता तुम्हीच सांगा, जवळचं कोण?

खारू एकविसाव्या वर्षी चष्म्याच्या दुकानात लागली. पहिली नोकरी. तीन महिने शिकाऊ म्हणून, मग पक्की. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, फ्रेमच्या काड्या गरम करून कानामागे नीट बसतील अशा वाकवायच्या. तीन आठवडे झाले होते आणि तिच्या पोटात किस्से मावत नव्हते. त्या दिवशी आत आल्या आल्या सुरूच झाली, "मावशी, काल एका आजोबांनी नवा चष्मा घातला, शेजारी बसलेल्या आजींकडे टक लावून बघितलं आणि मला हळूच विचारतात, 'काच बदलून मिळेल का?'" बाई हसली. खारू पण हसली आणि हसता हसता खोकायला लागली. तो खोकला ऐकूनच बाईनं ओळखलं. एकतीस वर्षांचे कान होते ते.

पहिली फुंक बावन्न. दुसरी एक्कावन्न. तिसरी बावन्न.

इथं चाचणी संपली होती. नियम असा की तीन चांगल्या फुंका घ्यायच्या आणि सगळ्यांत मोठ्या दोन एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तरच पुढं जायचं, आणि आठाच्या वर तर कधीच नाही. खारूच्या जुळल्या होत्या. बावन्न म्हणजे बावन्न. बाईला ते कळत होतं आणि पडद्याकडे बघणाऱ्या खारूलाही.

"मावशी, हे ठेवू नकोस," खारू म्हणाली. मघाचं हसू पार गेलं होतं.

"ठेवू नको म्हणजे? मी काय चित्र काढतेय?"

"चौदा दिवस ठेवून घेतील. नोकरी गेलीच म्हणून समज."

"मालकांना सांग की सरळ."

"काय सांगू? तुमची ही नवी मुलगी वर्षातून तीनदा पंधरा-पंधरा दिवस गायब होते म्हणून? मी त्यांना आजाराचं सांगितलंच नाहीये. मावशी, मला तिथं कुणी आजारी म्हणून ओळखत नाही गं. पहिल्यांदाच. अजून एकदा घे ना. तू ओरडलीस की निघतं, तूच म्हणतेस."

नाही म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं, एक अक्षर. पण बाईला स्वतःच्या ओरडण्याचा अभिमान होता आणि पोरीवर जीव होता. हे दोन्ही एका जागी आले की शहाणा माणूससुद्धा वेड्यासारखा वागतो. बाई म्हणाली, "बस सरळ. चिमटा लाव."

चौथी त्रेपन्न. पाचवीला मध्येच उबळ आली, पन्नास. खारू खोकली, खोकली, कागदी रुमालात बरंच काही पडलं, पाणी प्यायली. सहावी बावन्न. बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली, पोरीच्या तोंडासमोर वाकली आणि जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली. सातवी अठ्ठावन्न.

"आलं!" खारू म्हणाली. तिचे ओठ निळसर दिसत होते.

आठवी एक्कावन्न. पडद्यावर पिवळी चौकट आली: आकडा जुळत नाही, शेरा लिहा. यंत्र आपलं सगळ्यांत मोठा आकडा उचलून डॉक्टरांकडे पाठवतं. त्याच्याखाली शेरा लिहायचा असतो माणसानं. 'एकदाच आला, विश्वासार्ह नाही.' चार शब्द. फुंकबाईनं ते हजारदा लिहिले होते. त्या दिवशी चौकट रिकामी ठेवून तिनं पुढं जायचं बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं, बाळा."

मोठ्या डॉक्टरांनी अठ्ठावन्न बघितला. छाती तपासताना त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण आकडा नेमावर होता. पोटात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन आठवड्यांनी या म्हणाले. दोन आठवड्यांनी दुकानात माल मोजायचा होता म्हणून खारू आली नाही.

एकोणिसाव्या दिवशी ती दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवत असताना खाली बसली आणि तिच्या खोकल्यातून रक्त आलं. हॉस्पिटलात आणली तेव्हा आकडा अडतीस होता. तीन आठवडे शिरेतून दोन-दोन औषधं चालली. दुकानाचा मालक भेटायला आला, तेव्हा फुंकबाई छोटं यंत्र घेऊन खाटेशीच उभी होती. जाडजूड, घामाघूम माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाला, "अगं, सांगायचं नाहीस का? दोन महिने जागा धरून ठेवली असती मी. हात चांगला आहे तुझा. अशी माणसं रोज मिळतात काय?"

खारूनं भिंतीकडे तोंड केलं. फुंकबाईनं यंत्र तसंच उचललं आणि बाहेर गेली. त्या दिवशी तिनं आकडा घेतलाच नाही.

तीन आठवड्यांनी सत्तेचाळीस. महिन्यानं शेहेचाळीस. सहा महिन्यांनी पुन्हा सत्तेचाळीस. चौसष्ट काही परत आला नाही. जिना चढताना खारू आता मधल्या पायरीवर थांबायची, फोन बघतेय असं दाखवायची. दुकानात अर्धा दिवस जायची, मग आठवड्यातून तीन दिवस, मग मालकच म्हणाला, बरं वाटेल तेव्हा ये. फुंकबाईच्या खोलीत आली की खाली बघायची. नकला बंद झाल्या होत्या. एकदाच म्हणाली, "मावशी, चूक माझी होती. तू मनाला लावून घेऊ नकोस." बाईनं चिमटा पुढं केला.

बाईनं नवऱ्याला सांगितलं, सकाळी न्याहारीच्या वेळी.

"नियम मोडलास का?" त्यानं विचारलं.

"आठपर्यंत चालतं."

"मग झालं तर."

"काय झालं? काय झालं? कागदावर मी धुतल्या तांदळासारखी आहे हो! मला कुणी काही विचारायचं नाही. म्हणून तर घास उतरत नाही."

नवऱ्यानं तिच्या कपात चहा ओतला. दुसरं काय करणार बिचारा.

हे असंच राहिलं असतं. जन्मभर राहिलं असतं, लोकांची राहतातच. पण वर्षभरानं मोठ्या डॉक्टरांनी नव्या डॉक्टरांना शिकवायला एक बैठक घेतली आणि यंत्राबद्दल दोन शब्द सांगायला फुंकबाईला बोलावलं. ती मागच्या खुर्चीवर बसली होती. भिंतीवर एक आलेख आला. नाव झाकलेलं होतं, पण बाईला ती रेघ ओळखायला नाव कशाला लागतंय? सहाव्या वर्षापासूनचा एकेक ठिपका तिनं स्वतः ओरडून काढलेला होता.

"हे बघा," मोठे डॉक्टर म्हणाले, "अठ्ठावन्न. म्हणजे काठावर, पण ठीक. आणि एकोणीस दिवसांत अडतीस. यावरून काय शिकायचं? आजार कधीकधी कसलीही चाहूल न देता कोसळतो. आपल्या हातात काही नसतं." समोरची पोरं खाली मान घालून लिहून घेत होती. चाहूल न देता. हातात काही नसतं.

इतके दिवस बाईला वाटत होतं, आपलं पाप आपल्यापुरतं आहे. आता ते बारा वह्यांत उतरत होतं. उद्या ही बारा डोकी कुणाच्या तरी लेकराला म्हणणार, अशानंच होतं, चाहूल नसते.

ती उभी राहिली. "सर, तो अठ्ठावन्न खोटा आहे."

सगळं सांगितलं, तिथंच, बारा जणांसमोर. आवाज फुटत नव्हता, या बाईचा, जिचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. डॉक्टरांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, "पहिल्या तीन जुळल्या होत्या? कितीवर?"

"बावन्नवर."

डॉक्टर आलेखाकडे वळले. "बावन्न असता तर मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं," ते म्हणाले. आणि पुढं, "त्यानं चौसष्ट परत आला असता असं मी छातीठोक सांगत नाही, बाई. लवकर औषध देऊनही कधी कधी येत नाही. पण एक संधी होती." त्यांनी पोरांना लिहिलेलं खोडायला लावलं. बैठक संपल्यावर दारात त्यांनी तिला थांबवलं. "घरच्यांना मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगते," बाई म्हणाली.

लांब जायचं नव्हतं. खारू त्याच आठवड्यात पुन्हा वॉर्डात आली होती, त्या वर्षातली तिसरी खेप. आकडा एकोणचाळीस, नाकाला ऑक्सिजनची नळी. तिची खोली वेगळी, वॉर्डाच्या टोकाला. दाराबाहेरच्या बाकावर खारूची आई बसली होती, मांडीवर धुतलेले कपडे घेऊन एकेकाची घडी घालत. फुंकबाई शेजारी बसली आणि तोंडात आले तसे शब्द बोलत गेली. पहिल्या तीन फुंका. पोरीची विनवणी. सातवी. रिकामी चौकट. सांगून झाल्यावर हात जोडायलाही तिला धीर झाला नाही.

खारूच्या आईनं हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली.

"मला माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"आठ वेळा घेतलंत तुम्ही. मी मोजत होते." आई बोटांकडे बघत म्हणाली. "सोळा वर्षं तुमच्याकडे येतोय आम्ही. तीन वेळा तुमचा आवाज येतो आणि दार उघडतं. फार तर चार. त्या दिवशी पाच झाले, सहा झाले, तेव्हाच कळलं मला, आकडा येत नाहीये आणि तुम्ही ओढून आणताय. आणि आवाज कशाला हवा? रोज दोन वेळा तिची पाठ थोपटते मी. छाती भरलीय हे माझ्या तळहातांना कळत नव्हतं होय? डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आई, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, बरी आहे. बरी आहे म्हटलं मी. नवी नोकरी होती हो तिची. सकाळी तयार होताना गुणगुणायची. मला तिला घरी न्यायचं होतं."

फुंकबाईच्या तोंडून निघून गेलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

आत खारूला उबळ आली. दोघीही मान वर करून ऐकत राहिल्या, उबळ थांबेपर्यंत.

"ती वर्षभर म्हणतेय, सगळं माझ्यामुळे झालं," आई म्हणाली. "एकटी वाहतेय ती ते. मी ऐकून घेते आणि गप्प बसते, बघा कशी आई आहे मी." तिनं कपडे बाजूला ठेवले. "चला. दोघी मिळून सांगू तिला. आजच."

फुंकबाई उठली, पण तिला पुढं पाऊल टाकता येईना. डोळे भरून आले होते. खारूच्या आईनं तिला दंडाला धरून पुन्हा खाली बसवलं.

"असं नाही. रडायचं ते इथंच रडून घ्या. तुम्ही आत रडलात की तीही रडणार, आणि रडायला श्वास लागतो हो, ताई. तेवढा नाहीये तिच्याकडे."

फुंकबाई तोंडावर हात धरून रडायला लागली, आणि खारूची आई दाराकडे बघत तिच्याशेजारी थांबून राहिली.